५४ मुलं, ४ रॅकेट: शाळेत बॅडमिंटन शिकवायला घेताना

जूनमध्ये वेळापत्रक हातात आलं, तर माझ्या विज्ञानाच्या तासांमध्ये आठवी 'ब'चे खेळाचे दोन तास घुसवलेले. पी.टी.चे सर निवृत्त झालेले, जागा रिकामी, आणि "मॅडम, तुम्ही कॉलेजात बॅडमिंटन खेळायचात ना?" एवढ्या भांडवलावर ते तास माझ्या गळ्यात पडले. कपाटात ४ रॅकेट निघाल्या, एकीचं गटिंग, म्हणजे तारांची विणणी, सैल झालेलं. शेजारी नायलॉनच्या फुलांचा, म्हणजे शटलकॉकचा, एक डबा. वर्गाचा पट ५४.

पहिल्याच तासाला मी सगळे करतात तेच केलं. दोन रांगा लावल्या, रॅकेट वाटल्या, "चला, खेळा." तास ३५ मिनिटांचा, त्यातली १० वर्गातून मैदानावर जाण्यायेण्यात गेली. राहिलेल्या २५ मिनिटांत एकेका जोडीला दोन मिनिटंसुद्धा मिळाली नाहीत, आणि तीही बहुतेक खाली पडलेलं फूल उचलण्यात संपली. रांगेतल्या बाकीच्या पोरांनी एकमेकांच्या खोड्या काढल्या. घंटा झाली तेव्हा खेळ असा कोणाचाच झाला नव्हता.

या गोष्टीला आता चार वर्षं झाली. माझ्यासारखाच हा तास तुमच्याकडेही अचानक आला असेल तर आधी एक ऐका. मुलं फूल चुकवतात ती हातात जोर नाही म्हणून नव्हे. तळहात कुठे आहे ते न बघताही कळतं, पण तळहातापासून अर्धा मीटर पुढे असलेलं रॅकेटचं तोंड कुठे आहे, याचा अंदाज अजून शरीराला आलेला नसतो. शिवाय डोळे फुलाला अर्ध्या वाटेतच सोडून देतात. या दोन्ही गोष्टी रॅकेट न धरता शिकवता येतात, आणि आपल्याकडे रॅकेट नसतातच! म्हणून रॅकेट शेवटी.

काय काय लागेल

फुगे (थोडे जास्तच आणा, फुटतात), दर दोन मुलांमागे एक जुना टेनिसचा चेंडू, लोकरीचे गुंडे, रंगीत चिकटपट्टी, जाड दोरी, फक्की आणि प्रत्येकाचं परीक्षेचं पॅड. हो, पेपर लिहिताना वहीखाली धरतात तेच. त्याचं काम पुढे येईल.

फुलं नायलॉनचीच घ्या. पिसांच्या फुलात १६ पिसं असतात, त्यातलं एक जरी मोडलं तरी फूल भरकटतं, आणि नवशिक्यांच्या हातात ते एका तासात मोडतंच. नायलॉनच्या फुलावर बुचाजवळ रंगीत पट्टी असते: हिरवी म्हणजे संथ, निळी मध्यम, लाल वेगवान. दुकानदार निळी पुढे करेल. शाळेसाठी हिरवी मिळाली तर तीच मागा. मैदानावर वाऱ्याची झुळूक असेल तर मात्र निळी बरी.

पैशांचं म्हणाल तर सरकारी शाळांना समग्र शिक्षा योजनेतून क्रीडा साहित्यासाठी अनुदान असतं: प्राथमिकला ५,०००, उच्च प्राथमिकला १०,००० आणि माध्यमिकला २५,००० रुपयांपर्यंत. तुमच्या शाळेला मिळत असेल तर ते कशावर खर्च होतंय ते आधी विचारा. आमची शाळा अनुदानित खासगी, त्यामुळे मी पालकसभेत जुन्या रॅकेट मागितल्या. माळ्यावर पडलेल्या ११ आल्या, काही तारांविना. तारा नसलेली रॅकेटही उपयोगी पडते, टाकून देऊ नका.

१. पावसाळा वाया घालवू नका

शाळा जूनच्या मध्यावर सुरू होते आणि दोन महिने मैदानात चिखल. "पाऊस आहे, वर्गातच बसा" म्हणत हे तास गणिताला देऊन टाकायची पद्धत आहे. देऊ नका. फुगा बंद खोलीतच उडवता येतो, बाहेर तो वाऱ्याबरोबर निघून जातो. पुढच्या तीन पायऱ्या तर पावसासाठीच आहेत.

बाक भिंतीला सरकवा. आवाज होईल, शेजारच्या वर्गाच्या बाईंना आधीच सांगून ठेवा.

२. आधी मोजा

भिंतीपासून २ मीटरवर खडूची रेघ मारा. मूल रेघेमागे उभं राहून टेनिसचा चेंडू उजव्या हाताने खालून भिंतीवर टाकतं आणि डाव्या हाताने झेलतं. लगेच डाव्याने टाकून उजव्याने झेलायचं. ३० सेकंदांत किती झेल पकडले ते जोडीदाराने मोजायचं. ही चाचणी जगभर वापरतात, कारण तिला घड्याळ आणि भिंत सोडून काहीच लागत नाही.

आकडा वहीत लिहा, फळ्यावर लिहू नका. मी पहिल्या वर्षी लिहिला. शेवटून पहिली आलेली मुलगी पुढचे तीन तास पोटदुखीचं कारण सांगून बसून राहिली. हा आकडा त्या मुलाच्या दिवाळीनंतरच्या आकड्याशी ताडून बघायचा असतो, शेजारच्या मुलाच्या आकड्याशी नाही.

याच तासाला आणखी एक गोष्ट बघा. चेंडू जवळ आला की जे मूल मान तिरकी करतं, डोळे बारीक करतं किंवा सारखं हाताच्या एकाच बाजूला चुकतं, त्याला वेंधळं म्हणायच्या आधी फळ्यावरचं वाचायला सांगा. माझ्या वर्गात अशा दोघांना चष्मा लागला. शाळेत राष्ट्रीय बाल स्वास्थ्य कार्यक्रमाचं तपासणी पथक येतं, त्यांना ही नावं मुद्दाम द्या. नाहीतर गर्दीत ती सुटतात.

३. फुगा

फुगा का? तो हळू येतो म्हणून. डोळ्यांना त्याच्या मागे जायला वेळ मिळतो, हाताला तयार व्हायला वेळ मिळतो, आणि चुकला तरी लगेच जमिनीवर पडत नाही. आठवीची पोरं आधी हसतात, "मॅडम, हे बालवाडीचं." त्यांना एक काम द्या: उजव्या तळहाताने, मग डाव्या, मग हाताच्या मागच्या बाजूने, आणि पाय जमिनीला खिळलेले. दहापर्यंत पोचताना हसू थांबतं.

यातला खरा मसाला पुढे आहे. स्केचपेनने फुग्याच्या चार बाजूंना क, ख, ग, घ लिहा. फुगा खाली येताना कोणतं अक्षर समोर दिसतंय ते मोठ्याने म्हणायचं आणि मगच मारायचा. अक्षर वाचायचं तर शेवटपर्यंत बघावंच लागतं.

हे मला उशिरा उमगलं. मी वर्षभर "फुलाकडे बघ, फुलाकडे बघ" ओरडत होते. त्याचा काडीचा उपयोग नाही, कारण मुलाला वाटतं की तो बघतोच आहे. त्याऐवजी ज्याचं उत्तर बघितल्याशिवाय देता येणार नाही, असा प्रश्न विचारा. पुढे खऱ्या फुलावर हेच करायचं: बुचावर लाल किंवा पिवळी चिकटपट्टी लावा आणि मारण्याआधी रंग सांगायला लावा. "बघ" म्हणण्यापेक्षा "कुठला रंग?" हे विचारणं शंभरपट कामाचं.

४. तळहात, पॅड, रॅकेटचा गळा, मूठ

हीच ती पायरी. बाकी काही गाळलंत तरी हिच्यावर चार तास द्या.

मारायची जागा हातापासून हळूहळू लांब न्यायची. आधी नुसता तळहात. मग परीक्षेचं पॅड, क्लिपची बाजू हातात. फुगा पॅडच्या मधोमध लागला की "टप्प" असा भरीव आवाज येतो, कडेला लागला की चिरका. मुलं आवाजावरूनच स्वतःला सुधारतात, तुम्हाला सांगावं लागत नाही. पॅडवर जमलं की फुगा बाजूला ठेवून लोकरीचा गुंडा घ्या. कार्यानुभवाच्या तासाला मुलांकडूनच करून घ्या, लिंबाएवढा.

मग रॅकेट. पण मुठीशी, म्हणजे दांडीच्या खालच्या टोकाशी, धरायची नाही. गळ्याशी, म्हणजे दांडी जिथे तारांच्या चौकटीला मिळते तिथे धरायची. मोठ्या माणसाची रॅकेट साधारण ६७ सेंटीमीटर लांब असते. गळ्याशी धरली की तारा हाताच्या अगदी पुढ्यात येतात, पॅडसारख्याच. लोकरीचा गुंडा सलग दहा वेळा वर उडवता आला की हात चार बोटं खाली सरकवायचा. पुन्हा दहा. असं करत मुठीपर्यंत. काही मुलं एका तासात खाली येतात, काहींना दोन आठवडे लागतात. दोन्ही ठीक. रॅकेटच्या दांडीवर मी चिकटपट्टीच्या खुणा केल्या आहेत, त्यामुळे कोण कुठवर आलंय ते लांबूनही दिसतं.

तारा नसलेली रॅकेट इथेच कामाला येते. जोडीदाराने गुंडा टाकायचा आणि तो चौकटीतून आरपार जाऊ द्यायचा. चौकट नेमकी कुठे आहे ते यातून जितकं कळतं तितकं मारून कळत नाही.

*इथला खड्डा:* क्रिकेटची पोरं. ती चपळ असतात, झेल मस्त घेतात, म्हणून ती पटकन शिकतील असं वाटतं. पण हातात काही आलं की कोपर ताठ करून आडवा फटका मारतात. शिवाय टप्पा पडून येणाऱ्या चेंडूची त्यांना सवय. फूल हवेतच मारायचं असतं, आणि ते शेवटी एकदम वेग टाकून सरळ खाली येतं, म्हणून त्यांची बॅट, म्हणजे रॅकेट, आधीच फिरून गेलेली असते. त्यांना ओरडू नका, रॅकेट परत गळ्याशी धरायला द्या. जोरात फिरवायला जागाच उरत नाही.

५. पकड

मुलं रॅकेट उलथन्यासारखी धरतात, तोंड पुढे करून. समोरून आलेलं सोपं फूल त्याने लागतं, म्हणून मुलाला ते बरोबर वाटतं, आणि हीच गोम आहे. डोक्यावरचा फटका या पकडीने कधीच जमत नाही. उपाय सोपा: रॅकेट धारेवर उभी धरायला सांगा, जशी कुऱ्हाड धरतो तशी, आणि मग मुठीशी हस्तांदोलन करायला सांगा. झाली फोरहँडची पकड, म्हणजे तळहात पुढे ठेवून मारायची. बॅकहँडला, म्हणजे हाताची मागची बाजू पुढे करून मारताना, अंगठा मुठीच्या रुंद सपाट बाजूवर टेकवायचा.

सैल धरली आहे का ते बघायला हलकेच ओढा. सुटून आली पाहिजे. बोटं आवळायची ती फक्त फूल लागतानाच्या क्षणी. लहान हातांना जाड मूठ नको, जुन्या रॅकेटवर एकावर एक गुंडाळलेल्या ग्रिप काढून टाका.

६. मारण्याआधी फेकायला शिकवा

दिवाळीच्या सुट्टीनंतर मैदान कोरडं, सकाळी वारा पडलेला. आता बाहेर.

डोक्यावरून मारायचा फटका आणि दगड मारून चिंच पाडणं यात हाताची हालचाल एकच असते. अंग आडवं, फेकायच्या हाताच्या उलट पाय पुढे, कोपर वर, मग हात सुटतो. आमच्या शाळेमागे चिंचेची तीन झाडं आहेत. त्यांना दगड मारण्याबद्दल ज्यांची नावं शिक्षेच्या वहीत आहेत, त्या सगळ्यांचा क्लिअर, म्हणजे डोक्यावरून मारून फूल पार मागे पोचवायचा फटका, पहिल्या आठवड्यात जमला. मुलींपैकी अनेकींनी आयुष्यात कधी लांब काही फेकलेलंच नसतं, कोणी फेकू दिलेलं नसतं. अडचण एवढीच असते, आणि दोन आठवड्यांत ती भरून निघते. कागदाचे बोळे करून दोरीच्या पलीकडे फेकायचा खेळ लावा: दोन बाजू, शिट्टी होईपर्यंत, ज्यांच्या अंगणात बोळे जास्त ते हरले. पाच मिनिटांत ५४ मुलं शंभर शंभर वेळा हात उचलतात आणि रांग कुठेच नसते.

मग टांगलेलं फूल. दोन कडुलिंबाच्या झाडांमध्ये दोरी बांधा आणि तिला सुतळीने फुलं लटकवा, बूच खाली. उंची अशी की मुलाने हात पूर्ण वर केला की रॅकेटच्या मध्यभागी बूच यावं. स्थिर फुलावर फटका बसला की मगच हलणाऱ्या फुलाकडे वळा. जोडीदार ते हाताने टाकेल, बूच पुढे, तीन बोटांत धरून. रॅकेटने फूल टाकायला लावू नका, नवशिक्याला नेमकं टाकता येत नाही आणि दोघांचाही तास फुकट जातो.

*इथला खड्डा:* रॅकेट फिरते तेव्हा मागचा माणूस दिसत नाही. हात आणि रॅकेट पसरून गोल फिरता येईल एवढी जागा प्रत्येकाभोवती हवी. दुहेरी खेळताना जाळीजवळच्याने मागे वळून बघायचं नाही, हा नियम पहिल्या दिवसापासून. डोळ्याला लागण्याचा मोठा धोका तिथेच असतो.

वारा सुटलाच तर फुलं डब्यात ठेवा आणि लोकरीचे गुंडे काढा. हे मी शोधून काढलेलं नाही. आपल्याकडे लोकरीच्या चेंडूने खेळायचा बॉल बॅडमिंटन नावाचा पाच-पाच जणांचा खेळच आहे, आणि तो उघड्या मैदानावरच वाढला. तसं बघितलं तर आजच्या बॅडमिंटनचं घरही इथलंच. १८७० च्या दशकात पुण्याच्या छावणीतले इंग्रज अधिकारी तो खेळत आणि त्याला 'पूना' म्हणत. हे सांगितलं की पोरं छाती फुगवतात. आमच्या सांगलीकडची आणखी जास्त फुगवतात, कारण नंदू नाटेकर सांगलीचे: १९५६ मध्ये मलायात (आजच्या मलेशियात) आंतरराष्ट्रीय विजेतेपद मिळवणारे पहिले भारतीय बॅडमिंटनपटू आणि १९६१ च्या पहिल्या अर्जुन पुरस्काराचे मानकरी.

७. सर्व्हिस

फोरहँडच्या उंच सर्व्हिसने सुरुवात करू नका. फूल सोडायचं, मग हात मागून आणायचा, दोन्हीचा मेळ बसायला महिना जातो. बॅकहँडची छोटी सर्व्हिस द्या: फूल पिसांना धरून कमरेच्या खाली, रॅकेट त्याच्यामागे, नुसता अंगठ्याने धक्का. नियमाप्रमाणे फूल मारताना ते जमिनीपासून १.१५ मीटरच्या खाली हवं. आठवीच्या मुलांना एवढं मोजत बसायची गरज नाही, "कंबर" पुरे.

८. पाय

समोरचा मारत असताना टाचा उचलून एक छोटी उडी, बस. डोळ्यांनी दिसल्यापासून अंग हलेपर्यंत सेकंदाचा पाचवा भाग तरी जातो. उडी मारलेली असेल तर निदान पाय जमिनीत रुतलेले नसतात. बाकी पदन्यास शाळेच्या तासात शिकवत बसू नका. शिवाशिवी आणि लंगडीने त्यापेक्षा जास्त येतो.

९. जाळी, म्हणजे दोरी

पूर्ण कोर्ट १३.४० बाय ६.१० मीटर, जाळी खांबांशी १.५५ मीटर. एका कोर्टवर चारच जण खेळतात, उरलेले ५० बघत बसतात. म्हणून मी कोर्ट आखतच नाही. मैदानाच्या या टोकापासून त्या टोकापर्यंत एकच लांब दोरी, मुलांच्या डोक्याएवढ्या उंचीवर, दिसावी म्हणून तिला जुन्या ओढण्यांच्या पट्ट्या. खाली फक्कीने तीन-तीन मीटरचे कप्पे. एका कप्प्यात दोघं खेळतात, दोघं फुलं आणून देतात आणि मोजतात, तीन मिनिटांनी अदलाबदल. रॅकेट कमी पडल्या तर काही कप्प्यांत पॅड आणि लोकरीचा गुंडा.

पहिले काही दिवस सामना लावू नका, जोडीने मिळून मोजा: न पडता सलग किती? एकमेकांना पाडायचं नसलं की मुलं आपोआप समोरच्याला जमेल असं मारतात, आणि त्यासाठी नेम लागतो. २१ गुणांचे गेम फेब्रुवारीत.

जागतिक बॅडमिंटन महासंघाचा 'शटल टाइम' नावाचा शाळांसाठीचा कार्यक्रम आहे, त्यात शिक्षकांसाठी २२ पाठ आखून दिलेले आहेत आणि ते फुकट मिळतात. मुख्याध्यापकांनी "कशाच्या आधारावर?" विचारलं की तेही दाखवता येतात.

१०. कोणी चमकलं तर: कागदपत्रं

शालेय क्रीडा स्पर्धा १४, १७ आणि १९ वर्षांखालील अशा वयोगटांत होतात आणि तालुका, जिल्हा, विभाग, राज्य अशा चढत जातात. त्या बहुधा पावसाळ्यात किंवा त्यानंतर लगेच सुरू होतात, म्हणजे यंदा शिकलेली मुलं पुढच्या वर्षीच. साधारण लागतात ते कागद: शाळेचा बोनाफाईड, जन्मदाखला, आधार कार्ड, मागच्या इयत्तेचं गुणपत्रक, फोटो, आणि मुख्याध्यापकांच्या सही-शिक्क्याचं ओळखपत्र. नेमकी यादी आणि जन्मतारखेची मर्यादा त्या वर्षीच्या परिपत्रकात बघा, मागच्या वर्षीच्या नको.

आधारवरचं नाव आणि शाळेच्या जनरल रजिस्टरमधलं नाव अक्षर न् अक्षर जुळतंय का ते जूनमध्येच तपासा. माझी एक विद्यार्थिनी तालुक्याला टेबलावरूनच परत आली, आधारवर वडिलांच्या नावात एक काना जास्त होता. तिची रॅकेट पिशवीतून बाहेरसुद्धा निघाली नाही.